थडग्यावरचे साल, वहीतला जन्म

बॉस्टनच्या ग्रॅनरी दफनभूमीत मधोमध ग्रॅनाइटचा एक उंच स्तंभ आहे. त्यावर ‘फ्रँकलिन’ हे नाव इतक्या ठळक अक्षरांत कोरले आहे की अनेक प्रवासी तो बेंजामिन फ्रँकलिनचाच समजून पुढे जातात. बेंजामिन तिथे नाही. 1790 साली तो वारला आणि फिलाडेल्फियाच्या क्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत त्याला पुरले. बॉस्टनचा स्तंभ त्याच्या आईवडिलांचा, अबाया आणि जोसाया यांचा आहे. साबण आणि मेणबत्त्या करून पोट भरणारा जोसाया 1683 च्या सुमारास बायकोमुलांना घेऊन इंग्लंडहून बॉस्टनला आला आणि तिथलाच झाला. थडग्यावरचा मजकूर लिहिला तो त्याच्या सर्वांत नामवंत मुलाने. त्या मजकुरात बापाचा जन्म 1655, मृत्यू 1744 आणि वय 89 असे दिले आहे. इंग्लंडच्या नॉर्थॅम्प्टनशर परगण्यात एक्टन नावाचे खेडे आहे, जोसाया तिथला. तिथल्या दफ्तराप्रमाणे त्याचा जन्म 23 डिसेंबर 1657 चा. म्हणजे पोटच्या मुलाने दगडावर कोरवून घेतलेले बापाचे जन्मसाल दोन वर्षांनी चुकले आहे. मृत्यूचे पाहावे तर आजचे चरित्रकार 16 जानेवारी 1745 ही तारीख देतात आणि दगड 1744 म्हणतो. हीही चूकच वाटते, पण ती चूक नाही. त्या काळी इंग्रजी अमलात नवे वर्ष 25 मार्चला लागत असे, त्यामुळे जानेवारी महिना जुन्या वर्षातच मोजला जाई. एकाच दगडावरच्या दोन सालांपैकी जे बरोबर दिसते ते चुकीचे आहे आणि जे चुकीचे दिसते ते बरोबर आहे.

वसाहतकालीन अमेरिकेतला पूर्वज शोधायला निघालेल्या माणसाला पहिल्याच पायरीवर ही अडचण भेटते, आणि बहुतेकांना ती भेटल्याचे कळतही नाही. जन्माची एक नोंद आणि दफनाची एक नोंद हाती आली की माणूस सापडला, मधले आयुष्य काय ते भरून काढायचे राहिले, अशी समजूत सर्रास आढळते. या प्रस्तावनेचे म्हणणे असे की या दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत, हे अजून सिद्ध व्हायचे असते आणि खरे काम तिथेच असते. त्यासाठी ‘नोंद खरी की खोटी’ हा प्रश्न उपयोगाचा नाही. थडग्यावरचा लेख म्हणजे एक विधान नव्हे. त्यात निदान तीन साक्षी एकत्र बांधलेल्या असतात. हा माणूस मेला, अमुक दिवशी मेला, आणि त्यापूर्वी अमुक वर्षे जगला. पहिल्या दोन गोष्टी कोरून घेणाऱ्याने पाहिलेल्या असतात किंवा जवळच्यांकडून लगेच कळलेल्या असतात. तिसरी मात्र ऐकीव असते. बेंजामिन जन्मला तेव्हा बाप अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. बापाच्या जन्माचे साल त्याला घरातल्या बोलण्यावरूनच कळले असणार. न्यायालयात ऐकीव पुराव्याला जे स्थान, तेच वंशशोधात मृत्यूच्या कागदावरील जन्मतारखेला द्यायला हवे. तो कागद मृत्यूचा चांगला साक्षीदार आहे, जन्माचा नाही. हे एकदा पटले की पुढची सारी छाननी त्यातूनच निघते: सांगणारा कोण, त्याने ते कधी सांगितले, आणि लिहून घेणाऱ्याला ते कशासाठी हवे होते.

‘कशासाठी’ या प्रश्नाचे उत्तर वसाहतीगणिक बदलते. इंग्लंडमध्ये 1538 साली थॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची वही ठेवणे भाग पडले. या तीनही गोष्टी धर्मविधी आहेत. पाद्री आपल्या हातून झालेला विधी लिहीत होता. माणसाचा जन्म आणि मृत्यू त्याच्या वहीत आडवाटेने आले. मॅसॅच्युसेट्समध्ये वस्ती करणारे प्युरिटन या विधींकडेच संशयाने पाहणारे. त्यांच्या लेखी विवाह हा संस्कार नव्हता, तो न्यायाधिकाऱ्यापुढे होणारा करार होता; दफनाच्या वेळी प्रार्थनाविधीचे स्तोम त्यांना नको होते. म्हणून 1639 साली मॅसॅच्युसेट्सने जन्म, विवाह आणि मृत्यू लिहिण्याचे काम चर्चकडे न देता नगराच्या कारकुनाकडे दिले. प्लिमथने 1646 मध्ये तसेच केले. विधीऐवजी घटना लिहिण्याची ही रीत इंग्रजी जगात नवी होती, आणि तिच्यामागचा मुख्य हेतू वारसाहक्काचे तंटे निस्तरण्याचा होता. तिकडे दक्षिणेत व्हर्जिनिया इंग्लंडच्या राजधर्माला धरून राहिली. तिथे 1632 पासून पाद्री आणि चर्चचे कारभारी यांनी वह्या ठेवाव्यात असा कायदा होता, पण मळे नद्यांच्या काठाने दूरदूर पसरलेले, पाद्री मोजके आणि चर्च गाठायचे तर दिवस मोडायचा. जी दफ्तरे झाली त्यांतलीही बरीच पुढे गेली. यादवी युद्धात सुरक्षित राहावीत म्हणून काही परगण्यांनी आपले कागद रिचमंडला पाठवले आणि एप्रिल 1865 मध्ये ते शहरच पेटले. न्यू अ‍ॅम्स्टरडॅमच्या, म्हणजे आजच्या न्यूयॉर्कच्या, डच चर्चमध्ये 1639 पासूनच्या बाप्तिस्म्यांची वही टिकून आहे, आणि ती शोधकाला फार उदारपणे मदत करते. तिच्यात बाळाच्या आईचे माहेरचे नाव येते आणि विधीला उभे राहिलेले साक्षीदारही येतात. हे साक्षीदार बहुधा आजी, मामा, काका असत. एकेका ओळीत निम्मे गणगोत सापडते. मात्र त्याच वहीत बापाचे आडनाव शोधणारा फसतो, कारण डच कुटुंबांत बापाच्या नावावरून मुलाचे उपनाव बनवण्याची चाल होती आणि कायमची आडनावे इंग्रजांचा अंमल आल्यावर, सतराव्या शतकाच्या अखेरीस हळूहळू रुळली. याउलट क्वेकरांचे दफ्तर शिस्तीचे. मासिक सभेच्या वहीत ते जन्म, मृत्यू, विवाह, स्थलांतराची परवानगी, शिस्तभंगाची कारवाई असे सारे लिहीत. बाप्तिस्मा त्यांना मान्यच नव्हता, म्हणून क्वेकर पूर्वजाची बाप्तिस्म्याची नोंद शोधत बसणे म्हणजे वेळ दवडणे.

यावरून बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे जन्मतारीख, हे गृहीत किती डळमळीत आहे ते दिसेल. बेंजामिन फ्रँकलिन 6 जानेवारीला रविवारी जन्मला आणि त्याच दिवशी ओल्ड साउथ चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. अशा ठिकाणी दोन तारखा एकच. पण न्यू इंग्लंडच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा हा कोणालाही मिळणारा हक्क नव्हता. आईबापांपैकी निदान एक जण चर्चचा सभासद असावा लागे. सभासदत्व मिळायला स्वतःच्या श्रद्धेचा अनुभव सगळ्यांपुढे सांगावा लागे, आणि दुसऱ्या पिढीतले पुष्कळ जण तो सांगायला धजेनात. 1662 मध्ये धर्मसभेने तोडगा काढला: ज्यांचा लहानपणी बाप्तिस्मा झाला आहे पण जे पूर्ण सभासद नाहीत, त्यांच्या मुलांनाही बाप्तिस्मा द्यावा. काही चर्चनी तो मानला, काहींनी धुडकावला. परिणामी बाप्तिस्म्याच्या वहीत एकाच दिवशी एकाच घरातली चार-पाच मुले ओळीने दिसतात. ती जुळी-तिळी नसतात. आई किंवा बाप त्या आठवड्यात सभासद झालेला असतो. बॅप्टिस्ट पंथात तर बाप्तिस्मा कळत्या वयातच होई. कारकुनाच्या वहीतही सावध राहावे लागते. एका कुटुंबातल्या आठ मुलांचे जन्म वीस वर्षांत पसरलेले, पण अक्षर एक, शाई एक, नोंद सलग, असे दिसले की ओळखावे: कुटुंब गावात नंतर आले आहे किंवा बापाला नंतर जाग आली आहे, आणि सारी यादी एका बैठकीत सांगितली गेली आहे. त्यातल्या सर्वांत धाकट्याची तारीख भरवशाची मानावी. थोरल्याची आठवणीतली आहे, आणि तो कदाचित त्या गावात जन्मलाही नसेल.

पंचांगाचा घोळ वर सांगितला, तो थोडा पुढे नेला पाहिजे, कारण कितीतरी खोट्या विसंगती त्यातून उभ्या राहतात. ब्रिटनने आणि त्याच्या वसाहतींनी 1752 मध्ये ग्रेगोरियन पंचांग स्वीकारले. त्या वर्षी 2 सप्टेंबरनंतरचा दिवस 14 सप्टेंबर धरला गेला. वर्षारंभही 25 मार्चवरून 1 जानेवारीवर आला. त्याआधी जानेवारी ते 24 मार्च या काळातल्या तारखांना काळजीपूर्वक लिहिणारे लोक जोडसाल देत. जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरच्या बायबलात त्याचा जन्म 11 फेब्रुवारी 1731/2 असा आहे. आज सुट्टी पाळली जाते ती त्याच्या 22 फेब्रुवारी 1732 या रूपांतराच्या आधाराने. सगळेच लिहिणारे इतके काळजीवाहू नव्हते. क्वेकर आणि पुष्कळसे प्युरिटन महिन्यांची नावे मूर्तिपूजकांची म्हणून टाळत आणि आकडा घालत, आणि त्यांचा पहिला महिना मार्च. ‘अकराव्या महिन्याचा बारावा दिवस, 1720’ ही नोंद नोव्हेंबरची समजून घेतली तर माणूस दोन महिने आधी जन्माला घातला जातो. खरी तारीख आपल्या हिशेबाने जानेवारी 1721 ची असते. एखाद्या बाईचे लग्न मे 1720 मध्ये आणि पहिले मूल फेब्रुवारी 1720 मध्ये पाहून तिच्या चारित्र्यावर घाईघाईने शेरे मारणाऱ्या हौशी वंशावळकारांची कमी नाही. फेब्रुवारी नंतर आला होता.

दफनाकडे वळले की नोंदींची संख्याच घटते. न्यू इंग्लंडच्या नगरवह्यांत जन्म बऱ्यापैकी भरलेले असतात, मृत्यू मात्र विरळ. याचे कारण सरळ आहे. जन्माची नोंद करणारा बाप जिवंत असतो आणि मुलाच्या हक्कासाठी त्याला ती हवी असते. मेलेल्याची नोंद कोणी करायची, आणि कशासाठी? जमीनजुमला असेल तर मृत्युपत्राच्या न्यायालयात मालमत्तेची यादी होते आणि मृत्यूचा काळ तिथून कळतो. तान्ह्या मुलांचा, नोकरांचा, सरहद्दीवर मेलेल्यांचा मृत्यू कित्येकदा कुठेच येत नाही. मग उरतो दगड. दगडाची अडचण अशी की तो पुरावा म्हणून घडवलेला नसतो. गरिबांच्या थडग्यांवर लाकडी फळ्या असत, त्या कुजल्या. श्रीमंतांचे दगड कधी मृत्यूनंतर वर्षानुवर्षांनी बसवले गेले. ग्रॅनरीमध्ये सुमारे 2,345 दगड आहेत आणि पुरलेली माणसे पाच हजारांच्या घरात असावीत असा अंदाज आहे. शिवाय गवत कापायला सोपे जावे, रांगा नेटक्या दिसाव्यात म्हणून मागाहून दगड हलवले गेले. त्यामुळे तिथल्या दगडाखाली तोच माणूस आहे, याची खात्री नाही. जोसायाच्या स्तंभाचेही तसेच. बेंजामिनने बसवलेला मूळ संगमरवरी दगड झिजला, तेव्हा 1827 मध्ये बॉस्टनच्या नागरिकांनी हा ग्रॅनाइटचा स्तंभ उभारून जुना मजकूर त्यावर पुन्हा घातला. म्हणजे आज आपण वाचतो ती नक्कल आहे. चुकीचे जन्मसाल तिने इमानदारीने जपले, हे नकलेचे श्रेयच म्हणायचे. वयाची आणखी एक गंमत लक्षात ठेवावी. ‘वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी’ मेलेला माणूस छप्पन वर्षे पूर्ण झालेला असतो. दगडावरच्या अशा वयातून जन्मसाल काढताना एका वर्षाची चूक हमखास होते.

आणि नावे तीच ती. फ्रँकलिनच्या घरातच पाहा. जोसायाला दोन बायकांपासून सतरा मुले झाली. पहिल्या बायकोच्या पोटी जोसेफ नावाचा मुलगा झाला आणि गेला. त्यानंतरच्या मुलाचे नाव पुन्हा जोसेफच ठेवले, तोही तान्हेपणी गेला. गेलेल्या मुलाचे नाव पाठच्या मुलाला देणे ही त्या काळची सर्वसाधारण रीत होती. आता समजा यांतल्या पहिल्या जोसेफची जन्मनोंद कोणाच्या हाती लागली आणि शेजारच्या गावी सत्तर वर्षांनी वारलेल्या दुसऱ्याच कुठल्या जोसेफ फ्रँकलिनचे दफनही सापडले. नाव जुळते, साल साधारण जुळते, आणि बघता बघता पाच-पंधरा दिवसांचे आयुष्य लाभलेल्या बाळाला नातवंडे-पतवंडे होतात. वसाहतकालीन वंशावळींतल्या घोडचुका बहुतेक याच जातीच्या आहेत. म्हणूनच जन्मनोंद सापडली की लगेच पुढे धावू नये, आधी तेच मूल लहानपणी वारले नाही ना, हे पाहावे. शोधाची दिशाही त्यामुळे ठरते: ज्ञात माणसाच्या मृत्यूपासून मागे मागे जावे, मृत्युपत्रात मुलांची नावे, जमिनीच्या खरेदीखतात बापाचे नाव, चर्चच्या वहीत आलागेला असा प्रत्येक दुवा पक्का करावा, आणि जन्मनोंदीला सर्वांत शेवटी हात घालावा. बहुतेक लोक नेमके उलट करतात.

छापील साधनांनी हा उलटा क्रम आणखी सोपा करून ठेवला आहे. मॅसॅच्युसेट्सने 1902 च्या कायद्याने आपल्या नगरांच्या 1850 पर्यंतच्या नोंदी छापण्याला हातभार लावला. गावोगावचे ते खंड म्हणजे मोठीच देणगी आहे. नगरवही, चर्च, थडगे आणि घरचे बायबल यांतून आलेल्या नोंदींना त्यांत वेगवेगळ्या खुणा आहेत. पण सारे अकारविल्हे लावलेले. मूळ वहीत जी आठ मुले एकाखाली एक होती, ती इथे आडनावाच्या रकान्यात नावांच्या क्रमाने विखुरली. शाई, अक्षर, शेजारची नोंद हा सगळा मुका पुरावा नाहीसा झाला. खुणांकडे दुर्लक्ष करून नुसती तारीख उचलणारे तर दगडाची साक्ष कारकुनाच्या नावावर खपवतात. त्याच सुमारास या साऱ्याला बाजारही मिळाला होता. 1890 मध्ये ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ आणि 1897 मध्ये ‘मेफ्लॉवर’ जहाजाने आलेल्यांच्या वंशजांची संस्था निघाली, सभासदत्वासाठी पूर्वज लागू लागला, आणि पैसेवाल्या घरांना हवा तो पूर्वज पुरवणारे तज्ज्ञही अवतरले. गुस्ताव अंजू हा त्यांचा मेरुमणी. त्याने शेकडो अमेरिकन घराण्यांना बनावट मुळे लावून दिली आणि त्याच्या वंशावळी अजूनही नकळत उद्धृत होतात. पूर्वज दाखवून काही मिळणार असेल तेव्हा जुन्या नोंदीला केवढे वजन येते, हे महाराष्ट्राला सांगायला नको. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी मोडीतली दफ्तरे कशी उपसली गेली ते आपण पाहिले आहे. अंजूच्या धंद्याला उतारा दिला तो डॉनल्ड लाइन्स जेकबस याने. ‘द अमेरिकन जीनिऑलॉजिस्ट’ या नियतकालिकातून त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी एकेक घराणे मुळापासून तपासले आणि कितीतरी थोर पूर्वज निकालात काढले. रॉबर्ट चार्ल्स अँडरसन याने 1988 मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रेट मायग्रेशन’ प्रकल्पाने 1620 ते 1640 या काळात न्यू इंग्लंडला आलेल्या सुमारे वीस हजार माणसांचा पट त्याच शिस्तीने मांडायला घेतला.

यावर पहिला आक्षेप असा येतो की एक-दोन वर्षांच्या फरकासाठी एवढा खटाटोप कशाला. जोसाया 1655 चा असो की 1657 चा, बेंजामिनचा बाप तोच. जोसायाच्या बाबतीत ते खरे आहे, कारण बाकीचे पुरावे भरपूर आहेत. पण जिथे एका गावात एकाच नावाचे दोन चुलतभाऊ नांदत होते तिथे दोन वर्षांचा फरक हाच काय तो त्यांना वेगळे करणारा असतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: प्रत्येक नोंदीवर असा संशय घेतला तर काहीच सिद्ध होणार नाही. तसे होत नाही. एक्टनची वही आणि बॉस्टनचा दगड एकमेकांना ठाऊक नव्हते, तरी बाकीच्या पुराव्यांतून बापाचे नाव, गाव, धंदा, भाऊबंद यांची साखळी जुळते; स्वतंत्रपणे झालेल्या साक्षी जिथे मिळतात तिथे विश्वास वाढतो आणि जिथे त्या भांडतात तिथे कोण घटनेच्या जवळ होता ते पाहून निवाडा देता येतो. मात्र एका चुकीच्या वंशावळीवरून उतरवलेल्या दहा वंशावळी म्हणजे दहा साक्षी होत नाहीत. घरच्या बायबलाची गोष्टही इथेच येते. आजीच्या हातचे म्हणून त्याला लोक पाद्र्याच्या वहीपेक्षा मानतात. मानावे, पण आधी छपाईचे साल पाहावे. 1790 नंतर छापलेल्या बायबलात 1740 चे जन्म लिहिलेले असतील तर ते उतरवलेले आहेत, आणि कशावरून हा प्रश्न उभा राहतो.

तिसरा आक्षेप नव्या जमान्याचा: थुंकीची डबी प्रयोगशाळेत पाठवली की झाले, वह्यांची गरजच काय? वसाहतकाळ आजच्या माणसापासून साधारण आठ-दहा पिढ्या दूर आहे. दहाव्या पिढीत पूर्वजांची घरे 1,024 होतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचा एकही जनुकीय तुकडा आपल्यात उरलेला नसतो. सरळ पितृवंशाचा किंवा मातृवंशाचा धागा टिकतो, पण तो वंश सांगतो, व्यक्ती सांगत नाही. 1998 च्या जेफरसन प्रकरणात हे लख्ख दिसले. राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसनचा मुलगा म्हणून वंश वाढवणारा कोणी नव्हता, म्हणून त्याचा चुलता फील्ड जेफरसन याच्या पितृवंशजांचे नमुने घेतले. ते सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीचा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी जुळले. एस्टनचा बाप जेफरसन घराण्यातला पुरुष होता, एवढेच यातून ठरले. तो थॉमसच असावा हा निष्कर्ष बळकट झाला तो त्याच्याच शेतीच्या वहीमुळे. त्या वहीत सॅलीच्या मुलांचे जन्म नोंदलेले आहेत, बापाचे नाव अर्थातच नाही. आणि प्रत्येक जन्माच्या नऊ महिने आधी थॉमस मोंटिचेलोला, म्हणजे आपल्या मळ्यावर, होता, हे त्याच्या प्रवासाच्या कागदांवरून दिसते. रक्ताच्या परीक्षेला शेवटी जन्मनोंदीचाच आधार घ्यावा लागला.

ती शेतीची वही कशासाठी होती, हे विसरता येत नाही. व्हर्जिनियाने 1662 मध्ये कायदा केला की मूल आईच्या दर्जाने चालेल. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणी का असेना. त्या दिवसापासून गुलाम स्त्रीच्या मुलाचा जन्म ही मालकाच्या मालमत्तेत पडलेली भर झाली आणि तशी ती लिहिली गेली. व्हर्जिनियातल्या काही पॅरिशच्या वह्यांत गुलाम मुलांचे जन्म आणि बाप्तिस्मे आहेत, पण बापाच्या जागी मालकाचे नाव. अशा पूर्वजाचा शोध घेणाऱ्याला मालकाच्या घराण्याची मृत्युपत्रे आणि जमाखर्च वाचावे लागतात, त्याशिवाय वाट नाही. दफनाची कथा न्यूयॉर्कमध्ये 1991 साली सरकारी इमारतीच्या पायासाठी खोदताना उघडी पडली. मॅनहॅटनच्या त्या आफ्रिकी दफनभूमीतून 419 जणांचे अवशेष काढले आणि 2003 मध्ये पुन्हा पुरले. एकूण पंधरा हजारांवर माणसे तिथे असावीत असे मानतात. हाडांवरून वय, आजार, कष्ट कळले. नावे कळली नाहीत.

फ्रँकलिनच्याच घराण्यात हे सारे एका दिवसापुरते एकत्र आले होते. 1758 च्या उन्हाळ्यात बेंजामिन मुलगा विल्यम याला घेऊन एक्टनला गेला. पॅरिशची वही 1555 पासूनची होती. ती पाहून त्याला कळले की पाच पिढ्या धाकट्याचा धाकटा असा आपला वंश आला आहे. चर्चच्या आवारात भाऊबंदांची थडगी होती, पण शेवाळाने अक्षरे झाकलेली. पाद्र्याच्या बायकोने ब्रश आणि पाणी मागवले. बेंजामिनने सोबत आणलेला गुलाम पीटर याने दगड घासून काढले आणि विल्यमने मजकूर उतरवून घेतला. घासणाऱ्याचा बाप कोण, हे सांगणारी वही कुठेच नव्हती. उतरवून घेणाऱ्याचीही अवस्था फारशी वेगळी नाही. विल्यम हा बेंजामिनचा अनौरस मुलगा. त्याच्या जन्माची नोंद नाही, जन्म 1730 च्या आगेमागे धरतात, आणि त्याची आई कोण हे आजवर ठरलेले नाही. बेंजामिन आणि डेबोरा रीड यांच्या विवाहाचीही चर्चनोंद नाही, कारण तिचा पहिला नवरा परागंदा झालेला, मेला की जिवंत हे माहीत नाही. 1 सप्टेंबर 1730 पासून ते दोघे नवराबायको म्हणून राहू लागले, एवढेच. काही वंशावळींत विल्यमच्या आईच्या रकान्यात डेबोराचे नाव बेधडक घातलेले आढळते. तो रकाना कोरा ठेवणे हीच इथे बरोबर नोंद आहे.

शेवटी भारतातल्या वाचकासाठी एक वाट दाखवून ठेवतो. वसाहतकालीन अमेरिकन माणूस अमेरिकेतच मेला असेल, असे धरून चालू नये. एलिहू येल बॉस्टनला जन्मला, लहानपणीच इंग्लंडला गेला, ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मद्रासला पोचला आणि तिथला गव्हर्नर झाला. सेंट जॉर्ज किल्ल्यातल्या सेंट मेरी चर्चच्या विवाहवहीत पहिली नोंद त्याच्या लग्नाची आहे, 1680 ची. त्याचा लहानगा मुलगा मद्रासलाच पुरलेला आहे, आणि तो स्वतः 1721 मध्ये लंडनला वारला तरी वेल्समधल्या रेक्सम येथे पुरला गेला. तीन खंडांतले कागद जुळवल्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही. कंपनीच्या मुलखातून बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत, मद्रासच्या 1698 पासून, मुंबईच्या 1709 पासून आणि बंगालच्या 1713 पासून. न्यू इंग्लंडच्या बंदरातून जहाजावर चढलेला आणि पुढे कुठल्याच नगरवहीत न सापडणारा एखादा तरुण मुंबईच्या त्या दफनयादीतही शोधून पाहावा.